दोन रुपयांची फट

हिंदुराव सुतार विचारतो, "डेक म्हंजे? टेपरेकॉर्डरचा?"
न्हाय गा. ओटा. लाकडाचा.
"ओटा दगडाचा असतोय."
मग माळा म्हण.
"माळा घरात असतोय. वर."
मचाण?
"वाघ मारायचाय व्हय परड्यात?"

नाव न ठरताच काम सुरू झालं
कसबा बावड्यातल्या आमच्या परड्यात,
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून शेवग्यापर्यंत,
दहा बाय चौदा.
खाली जांभ्याचे चिरे, लाकूड मातीला टेकू नये म्हणून.

लाकूड वडणग्याच्या एका बंद गुऱ्हाळाचं.
छपराच्या तुळया, ऐन आणि किंजळ,
चाळीस हंगाम काहिलीची वाफ प्यायलेल्या.
रंधा फिरला की काकवीचा वास सुटायचा.
तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली
आणि कुमुदिनी दारातून म्हणाली,
"ह्यांचा बी चहा टाकू का?"

मी शिरोलीच्या फौंड्रीत टर्नर. छत्तीस वर्षं.
मायक्रॉनवर पोट भरलेला माणूस.
मी व्हर्निअर बाहेर काढला तेव्हा हिंदुराव
असा बघत राहिला, जसं कुणी
बूट घालून हौद्यात उतरावं.
"लोखंड मेलेलं असतंय, साहेब.
हे अजून पाणी पितंय."

दोन फळ्यांत फट किती?
मी म्हणालो, चार मिलिमीटर.
त्यानं चंचीतून दोन जुने रुपये काढले, जाड,
एकमेकांना चिकटवून उभे धरले:
"एवढी."
तो जेवायला बसल्यावर मी ते मोजले.
तीन पूर्णांक आठ.
कुणाला काही बोललो नाही.

कडेचा वाफा त्याच फळ्यांचा,
जणू बसलेलं जमीनपण तिथं उठून उभं राहिलेलं.
त्याची उंची कुठून आली, ते फक्त मला ठाऊक.
दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून
तिला उकिडवं बसता येत नाही.
तीन उन्हाळे परड्यात नुसतं गवत.
एका दुपारी ती खुर्चीत मेथी निवडत होती,
टीव्हीकडे डोळे लावून,
आणि मी मागून, पडलेला चष्मा शोधतोय असं दाखवत,
टेप लावला जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत.

माती विकत आणली नाही.
एकोणीसच्या पुरानं जाताना जो गाळ ठेवला
तो मी फावड्यानं ओढून भिंतीशी रचला होता.
तेव्हा त्यात आमच्या पातेल्याचं झाकण सापडलं,
आणि दुसऱ्या कुणाचं तरी पायताण. एकच.
ते पायताण वर्षभर कंपाउंडवर ठेवलं होतं,
कोणी न्यायला आलं नाही.
तोच गाळ आता वाफ्यात. शेणखत, थोडा रंध्याचा भुसा,
तळाला भोकं पाडलेली ताडपत्री.

"मला कशाला ही थेरं?" ती म्हणाली होती.
पण एका सकाळी दार उघडं, चहा झाकलेला,
आणि ती बाहेर खुर्चीत,
कोपर वाफ्याच्या कडेवर, एक सूत इकडेतिकडे नाही,
बोटं काळी, मिरचीची रोपं एकेक दाबत.
माझ्याकडं न बघता विचारलं,
"हे इतकं बरोब्बर कसं आलं वो?"
"हिंदुरावाचा अंदाज," मी म्हणालो.
ती हसली की नाही, पाठीवरून कळलं नाही.

आता गडहिंग्लजहून बहिणीचा फोन आला की सांगते,
"थांब जरा, मी गुऱ्हाळावर बसलोय."
तेव्हा नावाचं झालं असं.

श्रावणात फळ्या फुगल्या.
शेवटच्या फटीत हिंदुरावाचे रुपये राहिले होते, विसरून,
ते लाकडानं दाबून धरले.
फोनवर तो म्हणाला, "सुटतील दसऱ्याला. गडबड कशाला?"
मी तरीही व्हर्निअर घेऊन गुडघ्यावर बसलो.
त्याचं पातळ टोकही
आत शिरेना.