पट्टीवरचे बिऱ्हाडकरू

परभणीत, जिंतूर रोडला,
इलियासभाईंच्या बॅटरीच्या दुकानावर माझी खोली.
वीज गेली की यूपीएस शिट्ट्या मारतो,
चार मिनिटं. कधी तीनच.

तेवढ्यात पडद्याच्या खालच्या पट्टीनं
आपल्या बिऱ्हाडकरूंना एकेक करून विचारायचं :
तुझं काय ठेवू?

घड्याळाला वेळ ठेवू द्यायची नाही.
एवढं कळायला मला दोन दिवस लागले.
त्यानं फक्त गाव ठेवावं, आणि बारा तास की चोवीस.
वेळ ते उठल्यावर नव्यानं विचारील.
हवामानवाल्याकडं कालचे त्रेचाळीस अंश आहेत,
राहू देत, पण फिक्या अक्षरात,
ताजा आकडा येईस्तोवर.

चिठ्ठ्या दोन. तिथं घोळ झाला.
जागेवरून ओळखायला गेले मी त्यांना,
आणि डावीतला आईच्या चष्म्याचा नंबर
उजवीत जाऊन बसला, किराण्याच्या यादीखाली.
मग प्रत्येकीला जन्मतःच एक आकडा दिला.
कुठंही सरकवा, आकडा तोच.

राहिला उत्तरच न देणारा.
नेटवर्कचा दिवा नुसता बघत बसतो.
त्याच्यासाठी थांबायचं किती?
त्याच्या पायी बाकीच्यांचंही जाईल.

"कामून डोकं धरून बसलीस?"
इलियासभाई इन्व्हर्टरमधी पाणी घालायला वर आलेले.
सांगितलं, जमेल तसं.
हसले नाहीत. झाकण घट्ट करत म्हणाले,
"मी उधारी रात्री लिहीत नसतो.
गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत लिहितो.
रात्रीचं कुणी सांगावं?"

चार आठवड्यांचं काम मोडलं.
आता शेवटी कुणालाच विचारत नाही.
ज्याचं जे बदललं ते त्यानं तेव्हाच लिहायचं,
आधी बाजूच्या कागदावर,
पुरतं उतरलं की मग जुन्याच्या जागी.
मधेच अंधार झाला
तर निदान जुनं शाबूत.

काल संध्याकाळी गेली. शिट्टीसुद्धा न वाजता.
सकाळी पट्टी उठली, सगळे आपापल्या जागी,
घड्याळ बरोबर,
अंश फिके, मग ठळक.
उजव्या चिठ्ठीत माझीच एक ओळ :
सेलूला फोन कर, कावेरीला सांग की

पुढं कर्सर लुकलुकतोय.
काय सांगणार होते
ते माझ्याकडं कुठंच लिहिलेलं नाही.