अर्थ संदिग्ध

पहिल्या पानावरच्या शिक्क्याखाली पाच तारखा,
शेवटची एकोणीसशे एक्क्याऐंशीची.
त्यानंतर मीच.
नगरपालिकेच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते मी,
म्हणून ऋचांचा हा मराठी अनुवाद
चार महिने घरी आहे, बिनदंडाचा.

अनुवादक भला माणूस.
कळलं नाही तिथं कंसात प्रश्नचिन्ह ठेवतो,
तळटीपेत लिहितो : अर्थ संदिग्ध.
मला ती प्रश्नचिन्हं आवडतात,
देवळाच्या दारात चपला हातात घेऊन
उभ्या राहिलेल्या माणसांसारखी.

संध्याकाळी येलदरी रोडच्या शेडमध्ये डबा घेऊन जाते.
बाबा प्लायवूड कापत असतात
कुणाच्या तरी किचन ट्रॉलीसाठी.
शेवटचं लाकडी चाक केलं त्याला वीस वर्षं झाली,
आता सगळ्या टायरच्या गाड्या.
मशीन थांबलं की मी वाचते.
अग्नी, उषा, वारा यांचं त्यांना फार काही नाही.
"पुढं," म्हणतात.

मग एक दिवस रथ आला.
'चक्राच्या केंद्रस्थानी असलेला पोकळ भाग'
"तुंबा म्हन की."
'जुवाच्या टोकाशी खोचायची खुंटी (?)'
"शिवळ."
भाकरीचा तुकडा मोडत बाबा म्हणाले,
"ह्यो मानूस कधी गाडीत बसला न्हाई वाटतं."
मी खालचं मूळ वाचलं, अडखळत :
अर. अक्ष. युग.
आरा, आख, जू,
बाबांचे ओठ हलले माझ्याबरोबरच,
न बघता पटाशी हाताला लागावी
कोपऱ्यातली, तसे.

पुढच्या पानावर कवी म्हणत होता,
सुतार रथ घडवतो
तसं मी हे सूक्त घडवलंय.
बाबांनी घास खाली ठेवला.
"पुन्हा वाच."
वाचलं.
"म्हंजी जवळ बसून बघितलेलं हाय त्यानं काम.
कुठं तासायचं, कुठं सोडायचं."
बल्बखाली भुसा तरंगत होता,
बराच वेळ.
"मग आमच्या आज्याला
पायरीवरून कामून उठवलं
पाठ चालू असताना?
देवाचा रथ त्यानंच केलता."

याला तळटीप नव्हती.

घरी येऊन समासात पेन्सिलीनं लिहिलं :
शिवळ. – दगडोबा पांचाळ, जिंतूर.
पुस्तकात खुणा करणाऱ्यास दहा रुपये दंड,
ही पाटी मीच रंगवून घेतलेली.
सकाळी दहा रुपये भरले,
स्वतःच्याच नावाची पावती फाडली.
प्रश्नचिन्ह खोडलं नाही.

एक शब्द मात्र बाबांनाही आला नाही.
दोन दिवस सुपारीसारखा गालात धरून होते.
तिसऱ्या दिवशी रंधा मारता मारता म्हणाले,
"हे लाकडाचं न्हाई. लोखंडाचं असंल.
वेल्डिंगवाल्या खलीलभाईला इचार,
त्याचा बाप धाव बसवायचा आपल्या चाकाला."

पुस्तक पिशवीत आहे.
खलीलभाईच्या दुकानात ठिणग्या उडतायत,
थोडं लांबच थांबलेय,
काच खाली ठेवतील तेव्हा विचारीन.