वाजवून घेतलेलं

कुडाळच्या दुकानात हेमांगी
प्रत्येक कपाट बोटांनी वाजवत फिरली,
झाडावरचा फणस वाजवावा तसं.
'हे कोवळं,' म्हणाली. 'ह्यात नुसता भुसा.'
पेडणेकर हसले, मग हसायचे थांबले.

तिनं खुर्च्या उलट्या केल्या,
स्क्रू चाटून बघायचा तेवढा बाकी ठेवला.
आमचं घर खाडीला लागून,
खारी हवा आधी बिजागऱ्याच खाते.

मागे गाद्यांच्या आड एक टेबल.
शिवणीचं, कोरं,
एक पाय केसभर आखूड.
वाजवलं. आवाज भरून आला.
'किती?'
'नऊ हजार.'
'लंगडं आहे.'
'सात.'
ती काहीच बोलली नाही.
पंखा फिरत राहिला.
'साडेसहा घ्या वहिनी, टेम्पो माझा.'

आता टेम्पोत मागे उभे आम्ही,
चार पाय दोघांनी धरलेले,
नवं पॉलिश तळहातांना चिकटतंय.
नेरूरच्या उतारावर ती सांगते:
स्वयंपाकघरात खिडकीखाली
लादी केसभर वर आलीय.
तिथंच ठेवायचं.

आणि खुर्च्या?
'पुढच्या वर्षी,' म्हणते,
'तोवर उभ्यानं जेवू.'