सोळा व्हॉल्व्ह

आमच्या जालन्यात लोखंड येतं ते वितळायला.
रात्री ट्रक लागतात भट्ट्यांच्या फाटकाशी,
आणि आठवड्यात सळई होऊन बाहेर पडतात
कुणाचे पंखे, कुणाच्या खाटा, कुणाचे नांगर.

त्याच रांगेत ही उभी होती, टोचनाला बांधलेली.
नांदेडच्या कुण्या डॉक्टरच्या पोराची पालिओ,
सोळाशे सीसी, आणि तांबडा रंग
उन्हानं विटून हिरडीसारखा झालेला.
काट्यावर भरली नऊशे ऐंशी किलो.
भंगाराच्या भावावर मी सहा हजार जास्त मोजले.
काट्यावरच्या भुतेकरनं पेन थांबवून विचारलं,
पावतीवर काय लिहू, गाडी का माल?

पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिला ठोकळ्यांवर चढवली.
हेड उचललं तेव्हा वास आला
बरीच वर्षं कुलूप असलेल्या खोलीचा.
गॅस्केट दोन ठिकाणी जळालेलं,
पाणी आणि ऑइल एक होऊन
दुधाळ चहासारखं साचलेलं.

सोळा व्हॉल्व्ह. प्रत्येकाची जागा ठरलेली,
एकाचा दुसऱ्याला चालत नाही.
कुठं ठेवू, म्हणत मी घरभर फिरलो.
वैजयंतानं फळीवरून इडलीपात्र काढून दिलं.
चार ताटल्या, चार चार खळगे.
हिशेब असा चोख बसला
की दोघांनाही हसू आलं.

मुख्तारभाईंनी हेड घासून सपाट केलं, दहा दशांश.
"इतना ही, भाई. लालच मत करो."
लालच तर होतीच.
डेअरीच्या भंगारातला स्टीलचा पाइप कापून
मी चार नळ्यांचा एक्झॉस्ट जोडला,
एकेक वाक हातानं, वाळू भरून तापवून.
कॅम बदलला. हवेचा रस्ता मोठा केला.
नववीतली हर्षदा बॅटरी धरून उभी राहायची,
एका हातात विज्ञानाचं पुस्तक,
उजेड कधी गाडीवर, कधी पुस्तकावर.

हेडचे बोल्ट आवळताना मी कडेपासून सुरू केलं.
वैजयंता दारातून म्हणाली,
कामून असं? भाकरी कडंपासून थापतेत का कुठं?
मधून. मग बाहेर.
मॅन्युअल उघडलं. आकड्यांचा क्रम
मधूनच बाहेर जात होता.
सगळे ढिले केले, पुन्हा पहिल्यापासून.

नळाचं पाणी नवव्या दिवशी आलं.
रेडिएटरला ते चालत नाही, क्षार फार,
म्हणून इन्व्हर्टरसाठी आणलेले कॅन ओतले
आणि त्या आठवड्यात अंधारात जेवलो.

वाळूजहून एक पोरगा आला लॅपटॉप घेऊन.
दोन तास त्यानं गाडीशी तारेनं गप्पा मारल्या.
जाताना म्हणाला, काका, सात हजारांच्या वर नेऊ नका.
मी मान हलवली, अन् मनात सात हजार दोनशे लिहून ठेवले.

आणि शेवटच्या दिवशी, अगदी शेवटच्या नटाला,
पाना सटकला.
मनगट सुजून वांग्यासारखं. प्लास्टर, सहा आठवडे.
मी पायरीवर बसून तिच्याकडं पाहत राहिलो.
दोघंही दुरुस्तीला, असं कोणी म्हणालं नाही,
म्हणजे हर्षदा म्हणाली, पण हळू.

पहाटे साडेचारला वैजयंतानं किल्ली मागितली.
परतूरला बापाची मॅटाडोर चालवायची ती, लग्नाआधी.
पंधरा वर्षांत तिनं हे दोनदा सांगितलं होतं.
मी दोन्ही वेळा दुसरंच काही ऐकत होतो.

अंबड रोड मोकळा. बाजूला तुरीचे पट्टे,
लांबवर एका भट्टीचा तांबूस धूर.
तिसऱ्या गिअरात तिनं पाय दाबला.
चार हजारांच्या पुढं आवाज बदलतो, मला माहीत होतं,
पण मी तो नेहमी बॉनेट उघडून ऐकला होता,
ऐकता ऐकता काय बिघडलंय ते शोधत.
आज हात गळ्यात बांधलेला.
शोधायला काही नव्हतं.
पाठ सीटला चिकटली, छातीत काहीतरी सुटलं.

काटा सात हजारांच्या पुढं गेला.
किती, ते मी पाहिलं नाही. तिनं पाहिलं.

रविवारी इडल्या झाल्या.
तिसऱ्या ताटलीतल्या एकीला
पेट्रोलचा बारीकसा वास होता म्हणे.
ती कुणाच्या वाट्याला आली,
कुणीच बोललं नाही.