बिलातलं पाणी

पोर्तोच्या उतारावर इडालिनाबाईंची खाणावळ.
मार्चभर फळ्याच्या तळाशी खडूनं एक ओळ:
नळाचं पाणी, एक युरो. लांबच्या पोरांसाठी.

एव्हारिश्तू म्हातारा चष्मा वर सारून वाचतो.
"नळाला कधीपासून भाव आला?"

कादिजा बोलत नाही. ती गिनी-बिसाऊची.
तिच्या गावी पाण्याला भाव होता:
रोजची सकाळची शाळा,
आणि एका पावसाळ्यात धाकटा भाऊ.
सार्डिनच्या काट्यांत
अजून एक काटा कशाला कुणाच्या घशात!
ती भरला जग टेबलावर ठेवते फक्त.

म्हातारा त्याला हात लावत नाही.
लाल वाइन, पाव,
ऑलिव्हच्या बिया बशीच्या कडेनं
हिशेबासारख्या मांडलेल्या.

उठताना म्हणतो,
"पाणी प्यालो नाही मी.
तरी लाव. दोन लाव,
लुर्देश असती तर तिनं मागितलंच असतं."

रात्री खुर्च्या उलट्या झाल्यावर
कादिजा उष्टे पेले गोळा करते,
अर्धे, पाऊण, एक तर शिगोशीग.
मोरीत ओतायला हात अजून धजत नाही.
दाराशी डब्यात लिंबाचं झाड आहे,
सगळं त्यालाच.

बाई म्हणतात, कुजवशील एक दिवस.