पायरी तिसरी, चुका सात

बेळगुंदीच्या शाळेचा व्हरांडा.
कुंपणापलीकडून काजूच्या मोहराचा वास.
माझ्या हातात सेकंदांचं घड्याळ, मांडीवर तक्ता:
अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट.
मिनिटाला किती शब्द, त्यातले किती चुकले
एवढंच लिहायचं.
ओठांवरून जीभ कितीदा फिरली, त्याला रकाना नाही.

लगमी तळवार आली. नऊ वर्षांची.
बोट ओळीवर, डोळे बोटाच्या दोन शब्द पुढं.
उतारा माझाच, मोजूनमापून रचलेला,
वाक्यात चारांवर शब्द नाही, जोडाक्षर तर औषधालाही नाही:
मी बाजाराला गेले. मी दमले.
मी चिंचेखाली बसले.

ती वाचत सुटली, उताराला सायकल सोडावी तशी.
“मी बाजाराला गेलो. मी दमलो.
मी चिंचेखाली बसलो.”
माझी पेन्सिल प्रत्येक ‘लो’वर एक तिरकी रेघ मारत गेली.
सात झाल्या.
नियम असा की पाचाच्या वर चुका
म्हणजे मूल एक पायरी खाली.

“लगमी, शब्द नीट बघ. काय लिहिलंय?”
तिनं बघितलं. कागदाकडं, मग माझ्याकडं,
जणू मलाच वाचता येत नाही.
“गेले म्हंजे लई जण हो, बाई.
मी एकटीच गेलो.”

तिची वही चाळली.
सकाळी कन्नड, दुपारी मराठी, एकाच पेनानं.
मराठी अक्षरांवर आडवी रेघ नाहीच,
प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळा छोटा तलकट्टु,
कन्नडला असतो तसा.
आमची अक्षरं एका दोरीवर वाळत घातलेली असतात,
तिची एकेकटी उभी,
ज्याचं त्याचं पागोटं ज्याच्या त्याच्या डोक्यावर.
वाचता मात्र येत होती. सगळी.

शहापूरला सातेरीच्या छापखान्यात गेले.
दुसऱ्या पायरीची पुस्तिका: सोळा पानं, दोन पिना,
अठरा पॉइंटांचा टाइप, चित्रांना एकच रंग,
कारण दुसऱ्याचे पैसे मंजूर व्हायचेत.
पान सातवर मी घातलं होतं
लगमीचं वाक्य, तिच्या शब्दांत.
परीक्षकांकडून प्रूफ परत आलं होतं.
समासात लाल शाई: लिंगदोष. दुरुस्त करावा.
खाली सही, तीही लाल.

सातेरीनं चष्मा कपाळावर सरकवला.
“बदलू काय?”
मी गप्प.
तो म्हणाला, “मघाशी दारात फोनवर आईला काय सांगितलासा?”
मी आठवू लागले.
“शहापुरात पोचलो, म्हणलासा. येतो तासाभरात, म्हणलासा.
ऐकलो की मी.”

यंत्राचा पट्टा फिरत राहिला.
बी.एड.च्या पहिल्या वर्षी,
कोल्हापूरच्या वसतिगृहात, एका संध्याकाळी
मी ‘जेवलो’ म्हणायचं सोडलं होतं.
कुणी हसलं होतं. फार नाही, थोडंसंच.
घरी फोन लावला की तेवढं परत यायचं,
आणि मला वाटायचं, कुणाला ऐकू जात नाही.

“राहू दे,” म्हटलं.
अवतरणात ठेवलं, तेवढी तडजोड केली.
लाल शाईला उत्तर लिहिलं:
हे पात्र असंच बोलतं.
पात्र, लिहिलं. मी, असं लिहायचा धीर झाला नाही.

पंधरवड्यानं पुन्हा व्हरांडा. मोहर गळालेला,
फांदीवर बोंडं धरू लागलेली.
लगमीच्या हातात नवी पुस्तिका, शाईचा वास अजून ओला.
घड्याळ सुरू केलं.
एक, दोन, चार, सहा पानं सरसर.
सातव्यावर ती अडखळली.
आतापर्यंत कधी अडखळली नव्हती.
बोटाखाली तिचंच वाक्य.
परत वाचलं, मनात. ओठ तेवढे हलले.
मग वर बघून, हळूच,
“बाई, हे छापलंय व्हय?”

चार सेकंद गेली.
वेग मिनिटाला तेवढ्यानं कमी झाला.
मी तक्त्यात तसाच लिहिला.