थोडक्यात

दिवाळीची अमावास्या अजून उतरली नव्हती.
दौलतगंजात रस्ताभर फटाक्यांचे लाल कागद,
आणि गच्चीवर अण्णा
तिपाईच्या पायाशी विटा लावून
वेल्डिंगवाल्या शकूरमियाँकडची काच
भिंगापुढे दोऱ्यानं बांधत होते.

त्यांना आग्र्याकडे जायचं होतं.
तिथे पूर्ण लागणार होतं, तारे दिसतील इतकं.
आदल्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीटही काढलेलं.
पण सबनिसांकडे चार पिढ्यांचा फोटो ठरला,
ग्रहण सुटल्यावर, अकराला,
पन्नास रुपये आगाऊ.
तिकीट कॅमेऱ्याच्या पेटीत राहिलं.
पुढे बरीच वर्षं राहिलं.

घड्याळ माझ्याकडे.
मी मिनिट ओरडायचं, त्यांनी खटका दाबायचा.
आठ तेहतीस. खटक.
आठ चौतीस. खटक.
ताकात पाणी वाढवत जावं तसं ऊन पातळ होत गेलं,
सावल्यांना धार आली,
कठड्यावर माझ्या मनगटाचे केस मोजता येत होते.
समोर किल्ला राखेचा.
गल्लीत एक कुत्रं उगाच भुंकलं नि गप्प झालं.
“आता,” अण्णा म्हणाले, मला नाही.

आणि नाही झालं.
कापायचं राहून गेलेल्या नखाएवढा
सूर्य उरला एका कडेला,
आणि तेवढ्यावर दिवस अडून बसला.
कावळे घरट्याकडे वळले नाहीत.
रस्त्यावरचा दूधवाला
सायकलची घंटा वाजवत तसाच पुढे गेला.

खाली अंगणात आई.
ती वर बघणार नव्हती.
पाण्यात तुळशीपत्र, चकल्यांच्या डब्यावर दर्भ,
पदर कपाळाच्या खाली.
पण बुंदीचा झारा तारेवर अडकवलेला,
त्याच्या भोकाभोकातून
समोरच्या चुन्याच्या भिंतीवर
साठ-सत्तर कोरी, वाऱ्यानं झुलणाऱ्या.
भिंत बघायला कुणाची बंदी नव्हती.
तिनं एक कोर बोटानं पुसून पाहिली.
कोर बोटावर आली.
बोट काढलं, परत भिंतीवर.
मग तिनं दुसरी पुसली.

मी कठड्यावरून वाकून हे बघत राहिलो
आणि आठ छत्तीस कुणी ओरडलं नाही.

मग ऊन घट्ट होत गेलं.
गल्लीत कुणीतरी हाक दिली, दे दान, सुटे गिराण,
आईनं एक धडकं लुगडं दिलं, पसाभर तांदूळ,
आणि डोक्यावरून पाणी घेतलं.
अण्णा अकराला सबनिसांकडे गेले.
चार पिढ्या, बारा माणसं,
एकाचेही डोळे मिटलेले नाहीत.

रोल धुतला तेव्हा
झिजत जाणाऱ्या कोरी, मग भरत येणाऱ्या,
आणि मधली नाही.
अण्णा मला काही बोलले नाहीत.
आल्यागेल्याला मात्र सांगायचे,
“इथून थोड्याच कोसांवर पूर्ण होतं हो,”
आणि किल्ल्यापलीकडे हात करायचे,
जणू ते अजून तिथेच थांबलंय.

भिंतीचा फोटो कुणी काढला नव्हता.
पुढच्या दिवाळीला घरभर चुना लावताना
आईनं ती भिंत
सगळ्यात शेवटी घेतली.